'इनोसंट' लिहिलं आणि पोराची नोकरी हुकली: माणसाचा खरेपणा इंग्रजीत कसा सांगायचा?



आजचा विषय इंग्रजीचा आहे, पण घाबरू नका, मी ग्रामरचा तास घेत नाहीये. माणूस खरा आहे, प्रामाणिक आहे, भरवशाचा आहे, हे इंग्रजीत नेमक्या कोणत्या शब्दाने सांगायचं, एवढंच आज बघायचंय. धंद्यात याची गरज कुठे पडते? कामगाराला अनुभवाचं पत्र देताना, कंपनीला पहिला ईमेल करताना, डीलरशिपचा फॉर्म भरताना, बँकेत स्वतःची ओळख करून देताना. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. शब्द चुकला तर काय होतं, ते आधी माझ्याच चुकीतून सांगते.

माझी चूक

शिरूरला माझं स्टेशनरी आणि टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात एक पोरगा चार वर्षं कामाला होता. बारावी झाल्या झाल्या आला. सकाळी शटर उघडण्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत सगळं बघायचा. मग रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर असिस्टंटची जागा निघाली. तिथे आधीच्या मालकाचं पत्र मागितलं. मी बीबीए झालेली, दुकानात रोज लोकांचे अर्ज टाईप करते, मला काय अवघड? पाच मिनिटांत लिहून दिलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं:

"ही इज अ सिंपल, इनोसंट अँड सिन्सिअर बॉय."

माझ्या मनात काय होतं? पोरगा साधा आहे, निष्पाप आहे, मन लावून काम करतो. मराठीत हे कौतुक आहे. पण तिथल्या एचआरच्या साहेबांनी त्याला विचारलं, "मालकिणीने इनोसंट का लिहिलंय? तुझ्यावर कसला आळ होता का?" पोरगा गडबडला. त्याला इनोसंटचा अर्थच माहीत नव्हता. वर 'सिंपल' वाचून साहेबांना शंका, की याला स्टॉकचा हिशेब झेपेल का. जागा दुसऱ्याला गेली.

पोरगा दुकानात आला आणि एवढंच म्हणाला, "ताई, मी तुमच्या दुकानात कधी काही घेतलं का?"

तो प्रश्न मला अजून टोचतो. कारण याच पोराने एकदा जूनमध्ये, वह्या-पुस्तकांच्या गर्दीत, रात्री मला घरी फोन केला होता. "ताई, गल्ल्यात 2,000 रुपये जास्त भरतायत. कुणाचे तरी आलेत." दुसऱ्या दिवशी दोघांनी बिलं तपासली, गिऱ्हाईक शोधलं, पैसे परत केले. आता मला सांगा, हे मी पत्रात लिहिलं का? नाही लिहिलं. मोठे मोठे शब्द लिहिले आणि पुरावा घरीच ठेवला.

म्हणून आजची एकच गोष्ट लक्षात ठेवा: शब्द नेमका हवा, आणि शब्दामागे पुरावा हवा.

आपल्या मराठी शब्दातच उत्तर आहे

'प्रामाणिक' हा शब्द 'प्रमाण' वरून आला. प्रमाण म्हणजे पुरावा, आणि प्रमाण म्हणजे मापही. आपल्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. काटा बरोबर आहे हे दुकानदार सांगत नाही, शिक्का सांगतो. माणसाचंही तसंच. मी म्हणते म्हणून तो प्रामाणिक नाही, तो तसा वागलेला आहे म्हणून प्रामाणिक.

मराठीत आपण 'चांगला पोरगा आहे हो' एवढ्यात सगळं बसवतो. पैशाला खरा, कामाला खरा, शब्दाला खरा, मनाने खरा, सगळं त्या एका 'चांगला'मध्ये आलं. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. म्हणून लिहायच्या आधी स्वतःला चार प्रश्न विचारायचे:

1. पैसा आणि माहितीच्या बाबतीत कसा आहे?
2. मनात आणि तोंडावर एकच आहे का?
3. बोलतो कसा?
4. कामाला भरवशाचा आहे का?

एकेक बघू.

1. पैसा आणि माहिती: ऑनेस्ट, ट्रुथफुल, फेअर, ट्रान्स्परंट

ऑनेस्ट म्हणजे चोरी नाही, खोटं नाही, फसवणूक नाही. गल्ला, स्टॉक, हिशेब, बिल यांच्याशी ज्याचा संबंध आहे त्याच्यासाठी हाच पहिला शब्द. उच्चार 'ऑनेस्ट'. स्पेलिंगमध्ये एच आहे, तोंडात नाही. म्हणूनच 'अ ऑनेस्ट मॅन' चुकीचं, 'अ‍ॅन ऑनेस्ट मॅन' बरोबर.

ट्रुथफुल हा शब्द फक्त बोलण्यापुरता. विचारलं तर खरं सांगणारा. काच फुटली तर 'माझ्याकडून फुटली' म्हणणारा. ऑनेस्टमध्ये वागणं आणि बोलणं दोन्ही येतं, ट्रुथफुलमध्ये बोलणं येतं.

फेअर म्हणजे रास्त. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. रेशन दुकानाला मराठीत 'रास्त भाव दुकान' म्हणतात, इंग्रजीत 'फेअर प्राईस शॉप'. ओळखीच्याला एक भाव, अनोळखीला दुसरा, असं न करणारा तो फेअर. पण नुसतं 'शी इज फेअर' लिहू नका, लग्नाच्या बायोडाट्यासारखं 'मुलगी गोरी आहे' असं वाटेल. 'शी इज फेअर इन हर डीलिंग्ज' लिहा, म्हणजे व्यवहाराला रास्त.

ट्रान्स्परंट म्हणजे पारदर्शक. हा शब्द माणसापेक्षा पद्धतीला जास्त शोभतो. तुम्ही कोटेशनमध्ये मालाचा दर, वाहतूक, जीएसटी वेगवेगळं दाखवलं, तर तुमचं प्रायसिंग ट्रान्स्परंट. सगळं मिळून एकच आकडा फेकला, तर तुम्ही ऑनेस्ट असाल, पण ट्रान्स्परंट नाही. कंपनीच्या पर्चेस विभागाला हा फरक चांगला कळतो.

2. मनाचा खरेपणा: सिन्सिअर आणि जेन्युइन

इथे आपण सगळ्यात जास्त गडबड करतो.

आपल्याकडे शाळेपासून 'सिन्सिअर स्टुडंट' ऐकलंय. म्हणजे रोज येणारा, अभ्यास करणारा, शिस्तीचा. भारतातल्या इंग्रजीत हा अर्थ रुळलाय आणि इथला माणूस तो समजून घेतो. पण बाहेरच्या इंग्रजीत सिन्सिअर म्हणजे जे मनात तेच ओठावर. दिखावा नाही. 'सिन्सिअर थँक्स' म्हणजे मनापासून आभार. 'सिन्सिअर अपॉलॉजी' म्हणजे मनापासून माफी. यात मेहनतीचा काही संबंध नाही.

धंद्यातलं उदाहरण घ्या. एक टेम्पोवाला तुम्हाला सांगतो, "उद्या सकाळी नऊला माल पोचवतो." सांगताना त्याच्या मनात अजिबात खोट नसते. पण दर वेळी काही तरी होतं. कधी गाडी बंद, कधी पाहुणे आले, कधी डिझेल नाही. हा माणूस सिन्सिअर आहे, पण रिलायबल नाही. माणूस म्हणून आवडतो, पण ऑर्डर त्याच्या भरवशावर घेता येत नाही. नव्या धंद्यात निम्मी फसगत इथेच होते. समोरच्याचं गोड मन बघून आपण कामाचा भरवसा धरतो.

मग आपल्या मनातल्या 'सिन्सिअर'ला, म्हणजे मन लावून, चोख, कुणी बघत नसतानाही नीट काम करणाऱ्याला काय म्हणायचं? शब्द आहे कॉन्शिएन्शस. जरा जड आहे, पण तीन वेळा मोठ्याने म्हणा, बसेल तोंडात. तो अवघड वाटला तर 'हार्डवर्किंग अँड केअरफुल' लिहा. ते साधं आहे आणि चुकत नाही.

सिन्सिअरबद्दल एक गोष्ट मोटिव्हेशनच्या भाषणात फार फिरते. म्हणे जुन्या काळी मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवायचे, म्हणून 'मेणाशिवाय' तो सिन्सिअर. गोष्ट छान आहे, पण शब्दकोश तयार करणारे ती मानत नाहीत. लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ स्वच्छ, शुद्ध. आपल्याला तेवढं पुरे. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर आहेत, तिथे गुळाबद्दल पहिला प्रश्न काय असतो? 'साखर घातलीय का?' भेसळ नसलेला गूळ तसा भेसळ नसलेला माणूस, तो सिन्सिअर.

जेन्युइन म्हणजे अस्सल. गॅरेजच्या पाटीवर 'जेन्युइन स्पेअर पार्ट्स' असतं, तोच शब्द. माणसाला लावला की अर्थ होतो, आव न आणणारा. 'अ जेन्युइन बायर' म्हणजे खरोखर माल घेणारा, नुसते भाव विचारून टाईमपास करणारा नाही. सप्लायरला पहिला मेसेज करताना 'आय अ‍ॅम अ जेन्युइन बायर' लिहिण्यापेक्षा किती नग हवेत, कधी हवेत, कुठे पोचवायचेत ते लिहा. तुम्ही जेन्युइन आहात हे त्याला आपोआप कळतं.

3. बोलण्याचा खरेपणा: फ्रँक, कँडिड, स्ट्रेटफॉरवर्ड, ब्लंट

आपल्याकडे 'ती फार फ्रँक आहे' म्हणजे मोकळीढाकळी, पटकन मिसळणारी. इंग्रजीत फ्रँक म्हणजे समोरच्याला आवडो न आवडो, मत स्पष्ट सांगणारा. म्हणून ईमेलमध्ये 'टू बी फ्रँक, युअर रेट इज व्हेरी हाय' असं लिहिलं तर जरा टोचतं. त्याऐवजी 'युअर रेट इज अबव्ह अवर बजेट' लिहा. मुद्दा तोच, धार कमी.

कँडिड तर आता गावागावांत पोचलाय. लग्नात 'कँडिड फोटो' असतोच. पोज न देता काढलेला, जसं आहे तसा. 'कँडिड फीडबॅक' म्हणजे तसाच, मेकअप न केलेला अभिप्राय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढराशुभ्र. 'कँडिडेट' म्हणजे उमेदवार, हाही त्याच घरातला शब्द. जुन्या रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक पांढरेशुभ्र कपडे घालून फिरायचे. आपल्याकडच्या उमेदवारांचे कपडे आठवा, तो रिवाज अजून चालू आहे!

स्ट्रेटफॉरवर्ड म्हणजे सरळ. आडवळण नाही, आतून एक बाहेरून एक नाही. 'सरळमार्गी'साठी पत्रात लिहायला हा चांगला शब्द. मी 'सिंपल'च्या जागी खरं तर हा लिहायला हवा होता.

ब्लंट जपून. ब्लंट चाकू म्हणजे बोथट चाकू, पण ब्लंट माणूस म्हणजे फटकळ, तोंडावर बोलणारा. काउंटरवर बसणाऱ्या माणसाबद्दल हा शब्द लिहिलात, तर त्याला कुणी काउंटरवर घेणार नाही.

4. कामाचा भरवसा: रिलायबल, ट्रस्टवर्दी, लॉयल

रिलायबल किंवा डिपेंडेबल म्हणजे सांगितलेलं काम सांगितलेल्या वेळेला होणार. मशीनलाही रिलायबल म्हणतात, माणसालाही. यात मनाचा संबंध नाही, फक्त रेकॉर्डचा आहे.

ट्रस्टवर्दी याच्यापेक्षा वरचा शब्द. दुकानाची किल्ली, तिजोरी, गिऱ्हाइकांची यादी, आपले खरेदीचे भाव हे ज्याच्या हाती देता येतं तो ट्रस्टवर्दी. 'ट्रस्टेबल' असं बरेच जण लिहितात, त्यापेक्षा ट्रस्टवर्दी रूढ आहे. आणि कौतुक म्हणून 'ट्रस्टी' तर लिहूच नका. आपल्याकडे ट्रस्टी म्हणजे देवस्थानचे विश्वस्त!

लॉयल म्हणजे एकनिष्ठ. साथ न सोडणारा. पण लॉयल आणि ऑनेस्ट एकच नाही, हे मालक म्हणून नीट समजून घ्या. मालकाची चुकीची बिलं लपवणारा कामगार लॉयल असतो, ऑनेस्ट नसतो. 'मॅडम, हे बिल चुकलंय' असं तोंडावर सांगणारा ऑनेस्ट असतो. आज जो तुमच्यासाठी दुसऱ्याशी खोटं बोलतो, तो उद्या दुसऱ्यासाठी तुमच्याशी बोलू शकतो.

सगळ्यात वजनदार शब्द: इंटिग्रिटी

गणितात 'इंटिजर' शिकलात ना? पूर्णांक. ज्याचे तुकडे नाहीत, अपूर्णांक नाही. इंटिग्रिटी त्याच मुळातून आलाय. माणूस पूर्णांक आहे. दुकानात एक, घरात एक, साहेबांसमोर एक, पाठीमागे एक, असे तुकडे नाहीत. कुणी बघत नसतानाही जो तसाच वागतो, त्याच्याकडे इंटिग्रिटी आहे.

मोठ्या कंपनीचे व्हेंडर व्हायचं असेल तर हा शब्द कागदावर भेटणारच. सप्लायरने पाळायच्या नियमांत तो असतो. सरकारी कंपन्यांच्या मोठ्या टेंडरमध्ये 'इंटिग्रिटी पॅक्ट' नावाचा करारच असतो. लाच देणार नाही, घेणार नाही, असं दोन्ही बाजू त्यात लिहून देतात. रांजणगाव काय, कुरकुंभ काय, एमआयडीसीत माल द्यायचा तर असे कागद वाचून मगच सही करा.

वाक्यात वापरताना 'ही इज इंटिग्रिटी' होत नाही. 'ही इज अ मॅन ऑफ इंटिग्रिटी', 'शी इज अ पर्सन ऑफ इंटिग्रिटी' असं होतं. तसंच 'ही इज ऑनेस्टी' नाही, 'ही इज ऑनेस्ट'. ऑनेस्टी हा गुण, ऑनेस्ट हा माणूस.

आपल्या खिशात आधीच असलेले शब्द

बोनाफाईड सर्टिफिकेट आपण सगळ्यांनी शाळेतून आणलंय. तो लॅटिन शब्द आहे, अर्थ 'सद्‌हेतूने', म्हणजे खरोखरचा. बोनाफाईड विद्यार्थी म्हणजे त्या शाळेत खरंच शिकणारा. व्यापारी कागदात 'बोनाफाईड परचेसर' दिसलं तर घाबरू नका, खऱ्या हेतूने खरेदी करणारा, एवढंच.

क्रेडिट म्हणजे आपल्या भाषेत उधारी. पण मूळ लॅटिन अर्थ 'विश्वास ठेवणं'. कर्ज मागताना बँक ज्या सिबिल स्कोअरकडे बघते, तो 300 ते 900 मध्ये असतो. तुम्ही हप्ते वेळेवर भरलेत का, याचं ते मार्कशीट आहे. तिथे 'आय अ‍ॅम ऑनेस्ट' म्हणून चालत नाही, आकडा बोलतो. म्हणजे पुन्हा प्रमाणच आलं.

फेथफुल हा शब्द पत्राच्या शेवटी येतो. 'यूअर्स फेथफुली' म्हणजे आपलं 'आपला विश्वासू'. नियम सोपा आहे. सुरुवात 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असेल तर शेवट 'यूअर्स फेथफुली'. सुरुवातीला आडनाव घेतलं असेल तर शेवट 'यूअर्स सिन्सिअरली'. पण कामगाराच्या पत्रात 'फेथफुल' लिहू नका. तो शब्द नवरा-बायकोच्या निष्ठेला किंवा इमानी कुत्र्याला जास्त वापरतात.

हे शब्द जपून

इनोसंट: निर्दोष. आरोप झाला होता आणि त्यातून सुटला, असाही वास येतो. लहान मुलाला चालेल, कामगाराला नको.

सिंपल: साधं राहणीमान म्हणून आपण लिहितो, पण माणसाला नुसतं 'सिंपल' म्हटलं तर 'डोक्याने कमी' असंही वाचलं जातं. 'डाऊन टू अर्थ' चालेल.

नाईव्ह: भोळा, पण कौतुकाचा नाही. जगाचं भान नसलेला.

उलट अर्थ करतानाही सगळ्यांना एकच 'अन' लावू नका. डिसऑनेस्ट, इनसिन्सिअर, अनरिलायबल, अनफेअर, डिसलॉयल. या पाच जोड्या वहीत लिहून ठेवा.

दुसरं पत्र

मग मी त्या पोरासाठी पत्र पुन्हा लिहिलं. या वेळी अर्धा तास लागला. मुख्य वाक्यं अशी:

"ही वर्क्ड अ‍ॅट माय शॉप फॉर फोर इयर्स." चार वर्षं काम केलं.

"ही काउंटेड द डेली कॅश अँड मेंटेन्ड द स्टॉक रजिस्टर." रोजचा गल्ला मोजायचा, स्टॉकचं रजिस्टर ठेवायचा.

"ही वन्स रिपोर्टेड टू थाउजंड रुपीज एक्स्ट्रा इन द कॅश अँड हेल्प्ड मी रिटर्न इट टू द कस्टमर." गल्ल्यात जास्त आलेले 2,000 रुपये त्याने स्वतःहून सांगितले आणि गिऱ्हाइकाला परत करायला मदत केली.

"टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज, ही इज ऑनेस्ट अँड रिलायबल." माझ्या माहितीप्रमाणे तो प्रामाणिक आणि भरवशाचा आहे.

बघा, विशेषण शेवटच्या वाक्यात आलं. आधी काम, मग प्रसंग, मग शब्द. आणि 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज' हे वाक्य विसरू नका. तो लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा आहे. मला जेवढं माहीत आहे तेवढंच मी सांगतेय, असा त्याचा अर्थ. खाली तारीख, सही, दुकानाचा शिक्का, फोन नंबर. कुणी फोन करून विचारलं तर तेच सांगता आलं पाहिजे.

आणि माणूस प्रामाणिक नसेल तर?

हा प्रश्न मला दौंडच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारला. "मॅडम, पोरगी गोड बोलायची, पण गल्ल्यात हात मारायची. काढून टाकली. आता घरी येऊन पत्र मागतेय, रडतेय. काय करू? गरीब आहे हो."

बॅचमध्ये सगळे गप्प झाले, कारण प्रत्येकाला असं कुणी तरी आठवलं.

माझं मत सांगते. दयेपोटी 'ऑनेस्ट' लिहू नका. तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून दुसरा दुकानदार तिच्या हातात गल्ला देणार आहे, त्याचं नुकसान झालं तर शिक्का तुमचा आहे. पण हातात पुरावा नसताना 'ती चोर आहे' असंही कागदावर लिहू नका, त्यातून बदनामीची भानगड उभी राहते. जे खरं आहे आणि सांगता येतं, तेवढंच लिहा. कधीपासून कधीपर्यंत काम केलं, काय काम केलं. वेळेवर येत असेल तर 'पंक्च्युअल' लिहा. गिऱ्हाइकांशी चांगली बोलत असेल तर 'पोलाइट विथ कस्टमर्स' लिहा. तेही खोटं नाही. आणि तिला समोर बसवून सांगा, की ऑनेस्ट हा शब्द मी का लिहिला नाही. कागदावर गप्प आणि तोंडावर स्पष्ट. मी स्वतः एकदा असं केलंय. सोपं नव्हतं. समोरच्याने वर्षभर तोंड फिरवलं, पण खोटा कागद माझ्या नावावर नाही.

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो. जवळपास सगळ्यांच्या दाखल्यावर तिथे 'चांगली' असतं. म्हणून तो रकाना कुणी वाचतही नाही. तुम्ही प्रत्येकाला 'ऑनेस्ट, सिन्सिअर, हार्डवर्किंग' लिहून देत गेलात, तर तुमच्या पत्राचंही तेच होईल. आणि मग ज्या पोराने रात्री फोन करून 2,000 रुपये सांगितले, त्याला द्यायला तुमच्याकडे शब्दच उरणार नाही.

स्वतःबद्दल लिहिताना

'वुई आर व्हेरी ऑनेस्ट अँड जेन्युइन पीपल.' असं व्हिजिटिंग कार्डवर, बिझनेस प्रोफाइलमध्ये कृपया लिहू नका. फसवणारासुद्धा हेच लिहितो. जुन्या दुकानांत 'एकच भाव' अशी पाटी असायची. 'आम्ही प्रामाणिक आहोत' असं त्यात कुठे होतं? पण कळायचं. तसं लिहा:

"वुई रिप्लेस डॅमेज्ड पीसेस विदिन सेव्हन डेज." खराब नग सात दिवसांत बदलून देतो.

"वुई गिव्ह अ जीएसटी बिल फॉर एव्हरी ऑर्डर." प्रत्येक ऑर्डरला जीएसटी बिल देतो.

"वुई इन्फॉर्म यू इन अ‍ॅडव्हान्स इफ डिलिव्हरी इज लेट." उशीर होणार असेल तर आधी कळवतो.

पण पाळता येईल तेच लिहा. मालाबद्दल खोटं वर्णन करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे दिशाभूल ठरते. आणि कायद्याच्याही आधी गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतं. शिरूर काय, दौंड काय, बाजारपेठ एवढीशी असते. एका टोकाची गोष्ट दुसऱ्या टोकाला चहा संपायच्या आत पोचते.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्याकडे काम करणारा, किंवा तुम्हाला माल देणारा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्यासाठी वरच्यातला एकच शब्द निवडा. मग त्या शब्दामागचा एक प्रसंग लिहा, तारखेसह. प्रसंग आठवला नाही तर शब्द खोडा आणि दुसरा निवडा. इंग्रजी आणि माणसाची पारख, दोन्हीचा सराव होईल.

तो पोरगा पुढे कुठे गेला, हे व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं. पहिली जागा गेली ती गेलीच, ती काही परत आली नाही. दोन महिन्यांनी शिक्रापूरकडच्या एका गोडाऊनमध्ये त्याला काम लागलं. तिथल्या सुपरवायझरने मला फोन केला आणि फक्त त्या 2,000 रुपयांबद्दल विचारलं. मी झालं तसं सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी पोरगा त्या पत्राच्या झेरॉक्स काढायला दुकानात आला आणि काउंटरवर झेरॉक्सचे पैसे ठेवून गेला. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे, उधारी मागायला गिऱ्हाइकाला मेसेज कसा करायचा, नातं न तोडता.